वीण झाल्यावरचा मासा: आमिष कुठलं लावायचं, चारा किती टाकायचा

बाळंतीण घरी आली की आमची आजी पहिल्या दिवशी तिच्यापुढं डिंकाचा लाडू ठेवत नसे. आधी मऊ भात, वर तूप-मेतकूट, मग हळिवाची खीर. लाडवांचा डबा उघडायचा तो पोट रुळावर आल्यावर. श्रावण-भाद्रपदात गळ घेऊन पाण्यावर जाणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

पण होतं काय, गणपतीच्या सुट्टीत मंडळी येतात, पाच किलो पेंड भिजवून एका दमात पाण्यात ओततात, तळहाताएवढा कणकेचा गोळा गळाला थापतात आणि संध्याकाळी "मासाच न्हाई राव पाण्यात" म्हणत गाडीला किक मारतात. मी हसत नाही त्यांना. पाच-सहा वर्षं मीही हेच केलंय. एका भाद्रपदात मी चार किलो पेंड एकदम सोडली होती. दिवसभर फक्त चिलापी (तिलापिया) टोचत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी पाण्यावर आंबूस वासाचा तवंग. काठावर जाळं विणत बसलेले एक भोई आण्णा तेव्हा म्हणाले होते, "माशाला जेवायला बोलावलंस का पुरायला?"

पुढं जे लिहितोय ते त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

आधी हे बघा: वीण नक्की कुणाची झाली?

आपण सगळ्यांना मिळून कार्प म्हणतो, पण वीण सगळ्यांची सारखी नसते. इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कटला, रोहू आणि मृगळ हे वाहत्या पाण्यातले मासे. मृग-आर्द्रात नदीला नवं गढूळ पाणी येतं, पात्राबाहेर रानात पसरतं, तेव्हा हे मासे वर चढतात आणि उथळ पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. अंडी पाणी पिऊन फुगतात, प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि साधारण १५ ते २० तासांत फुटतात. बंद तळ्यात हे होत नाही. तळ्यातल्या रोहूला पावसाळ्यात गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, धरते, पण प्रवाह न मिळाल्यानं ती आतल्या आत जिरते. म्हणूनच एके काळी या माशांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळायला लागलं. आज गावतळ्यात जी बोटुकली सोडतात ती सगळी त्याच वाटेनं आलेली.

सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्पचं, उलटं आहे. हा बंद पाण्यातही मजेत वितो. काठाचं बुडालेलं गवत, केंदाळाच्या मुळ्या, असं काही मिळालं की त्यावर चिकट अंडी लावतो, आणि ती दोन-तीन दिवसांत फुटतात. वर्षातून दोनदा हा खेळ चालतो: एकदा जानेवारी ते मार्च आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) आपल्या तळ्यांत वीत नाहीत, त्यांना या लेखातून वगळा.

म्हणजे हिशेब असा. तुम्ही तळ्यावर बसणार असाल तर वीण झालेला मासा म्हणजे सायप्रिनस, आणि हा लेख तुम्हाला श्रावणात एकदा आणि शिमग्याच्या आसपास एकदा असा दोनदा उपयोगी पडेल. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा किंवा खाली कृष्णेवर बसणार असाल तर रोहू आणि मृगळ मुख्य, कटला नशिबानं. तळ्यातल्या रोहूला "आता विऊन भुकेला असेल" असं समजून खाद्य लावणं म्हणजे न झालेल्या लग्नाचं जेवण वाढण्यासारखं आहे.

वीण झाली हे ओळखायचं कसं

तळ्यावर हे सोपं आहे. सायप्रिनस विताना पहाटे काठाच्या गवतात नुसता धिंगाणा असतो. गुडघाभर पाण्यात एका मादीमागे तीन-चार नर, पाठी पाण्याबाहेर, शेपट्यांचे फटके, गवत हलतंय, पाणी गढूळ. हे दोन-तीन सकाळी चालतं आणि मग एका दिवशी सगळं चिडीचूप. त्या शांततेपासून दिवस मोजायला लागा. धिंगाणा चालू असताना मात्र गळ टाकू नका. मासा खातही नाही, आणि अडकलाच तर पाठीला नाहीतर पोटाला आकडा लागून.

नदीवर डोळ्यांना काही दिसत नाही, पाणी चहासारखं असतं. तिथं मी नक्षत्रांवर जातो. आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलै संपेपर्यंत, पहिले मोठे पूर येतात आणि बहुतेक वीण त्या चढत्या पाण्यात उरकते. पाऊस लांबला तर आश्लेषापर्यंत जाते. मघा लागल्या, पाणी पात्रात परतलं, की वीण झालेला मासा खालच्या डोहांत स्थिरावायला लागतो.

हातात आलेला मासाही सांगतो. विऊन मोकळी झालेली मादी पोटाला सैल, रिकाम्या पिशवीसारखी लागते, गुदद्वाराजवळ लाली असते, बाजूचे खवले खरवडलेले, कल्ल्यामागे नाहीतर शेपटीला ओरखडे. नराच्या पुढच्या परांना आतून बोट फिरवलं तर विणीच्या दिवसांत ते खरखरीत लागतात. मादीचं पोट टम्म आणि मऊ असेल तर ती अजून व्हायची आहे, तिला सोडून द्या. सायप्रिनसची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या घरात अंडी देते, त्यामुळे एक सोडली म्हणून तुमचं काही कमी होणार नाही.

याला जठरच नाही

चाऱ्याचं सगळं गणित यावर उभं आहे. मरळीला किंवा शिंगाळ्याला जठर असतं, ते एकदा पोटभर गिळून पडून राहू शकतात. कार्प कुळातल्या माशाला जठर नसतं. तोंडातून खाद्य गळ्यातल्या दातांपाशी जातं, तिथं भरडलं जातं आणि थेट लांबलचक आतड्यात उतरतं. साठवायला जागा नाही. त्यामुळे हा मासा स्वभावानं चरणारा आहे, म्हशीसारखा नव्हे तर कोंबडीसारखा: थोडं टिपायचं, पुढं सरकायचं, पुन्हा टिपायचं.

आता त्यात वीण मिळवा. विणीच्या दिवसांत तो जवळपास उपाशी असतो, अंगातली चरबी आणि मांस गाभोळीत गेलेलं असतं, मादीचं वजन चांगलंच घटलेलं असतं. भूक आहे, पण आतडं एकदम मोठ्या घासाला तयार नाही. जे मऊ, बारीक आणि पाण्यात विरघळून वास सोडणारं आहे ते त्याला पहिलं पटतं. तेलकट, टणक, पोटात फुगणारं शेवटी.

पहिले आठ-दहा दिवस

खरं सांगायचं तर या दिवसांत घरी बसलेलं बरं. राहवतच नसेल तर गांडूळ लावा आणि चारा अजिबात टाकू नका.

गांडूळच का? पूर ओसरताना उसाच्या रानातून, बांधांवरून, ओढ्यांतून पाणी नदीकडं परत येतं आणि त्याबरोबर गांडुळं, किडे, बारीक गोगलगायी वाहून येतात. माशाला या दिवसांत ते आयतं मिळत असतं. तुमचं आमिष त्याच्याशी जुळणारं असलं की संशय येत नाही. शेणखताच्या ढिगातली लालसर, वळवळणारी गांडुळं घ्या. एकच लावा, मधोमध टोचून, दोन्ही टोकं मोकळी. जागा म्हणाल तर ओढा नदीला मिळतो तिथली संथ कड, बंधाऱ्याच्या खांबामागचं निवांत पाणी, किंवा भोवऱ्याची बाहेरची बाजू. दमलेला मासा धारेत उभा राहत नाही.

तळ्यावर सायप्रिनस विण्याच्या जागेपासून फार लांब जात नाही, पण उथळातून निघून शेजारच्या पहिल्या खोल उतारावर जातो. गवत संपतं आणि तळ खाली घसरतो, ती रेघ शोधा. शिसं टाकून खोली मापायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

दुसरा टप्पा: पीठ आणि पेंड

साधारण दहाव्या दिवसापासून मासा नीट खायला लागतो. आता प्रथिनं द्यायची, पण हलक्या रूपात. माझं मिश्रण गेली काही वर्षं असं ठरून गेलंय:

भाताचा कोंडा ४०० ग्रॅम, शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून ३०० ग्रॅम, डाळ्याचं पीठ २०० ग्रॅम, सुकटीची पूड १०० ग्रॅम, दोन चमचे काकवी आणि चिमूटभर मीठ.

आता एकेकाबद्दल. कोंडा हा भरणा आहे. पाण्यात ढगासारखा पसरतो, पोट भरत नाही, मासा मात्र जागेवर थांबतो. आजरा-चंदगडच्या बाजूला गिरणीत ताजा मिळतो, जुना कोंडा खवट लागतो तो घेऊ नका. शेंगदाण्याच्या पेंडीत साधारण ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, म्हणून मत्स्यशेतीतही पेंड आणि कोंडा हीच जोडी चालत आलीय. पण आपल्याकडं घाण्यावरची पेंड घेतली तर तिच्यात तेल बरंच उरलेलं असतं. विणीनंतरच्या या टप्प्यात ती तीनशे ग्रॅमच्या वर नेऊ नका. आणि बुरशी लागलेली, आतून हिरवी-काळी पेंड "माशालाच तर घालायचीय" म्हणून घेऊ नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष माशाच्या यकृतावर जातं, आणि तो मासा पुन्हा आपल्याच ताटात येतो.

डाळ्याचं पीठ, म्हणजे फुटाण्याच्या डाळीचं, हे माझं लाडकं. भाजलेलं असल्यानं पचायला हलकं, गोडसर वास, आणि गोळा चांगला बांधतं. साधं बेसन चालतं, पण कढईत कोरडं परतून घ्या. शिरोळ-हातकणंगल्याकडं सोयाबीन मुबलक, म्हणून काही जण कच्चा भरडा टाकतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मरतो. त्यामुळे उकडून किंवा भाजूनच.

काकवीबद्दल वेगळं सांगायला नको, गुऱ्हाळाच्या मुलखात राहतो आपण. साखरेपेक्षा तिला वास जास्त आणि ती पाण्यात हळू पसरते. पण दोन चमचे म्हणजे दोनच. जास्त घातली की गोळा ढिला पडतो आणि मुंग्या तुमच्या डब्यात आधी येतात.

मसाल्यांचा सोस इथं फार. मेथी भाजून पूड केलेली अर्धा चमचा चालते, लसूण ठेचून एक-दोन पाकळ्या खरंच उपयोगी पडतात. एका मित्रानं मात्र घरची कांदा-लसूण चटणीच कालवली होती. मासा काही लागला नाही, तोच हात डोळ्याला लागला आणि आम्ही सहा वाजताच घरी आलो.

मिश्रण मळताना पाणी एकदम ओतू नका. शिंपडा, दहा मिनिटं झाकून ठेवा, कोंडा पाणी ओढतो, मग पुन्हा शिंपडा. मुठीत दाबलं तर लाडू वळावा आणि अंगठ्यानं ढकललं तर फुटावा. काठावर बसल्यावर पहिल्यांदा बादलीत पाणी घेऊन त्यात एक गोळा सोडून बघा. संथ पाण्यासाठी तो आठ-दहा मिनिटांत विस्कटला पाहिजे. वाहत्या पाण्यासाठी काठाची चिकण माती मूठ-दोन मूठ मिसळा, मग तो पंचवीस-तीस मिनिटं तग धरतो आणि तळाशी जाऊन बसतो. ही बादलीची चाचणी मी कधी चुकवत नाही. गोळा तळाला दगडासारखा पडून राहिला तर चारा टाकला काय नि न टाकला काय.

किती आणि कधी

पोहोचल्यावर लिंबाएवढे चार गोळे. बस्स. ते एका ताटाएवढ्या जागेत पडले पाहिजेत, तळ्यात इकडंतिकडं विखरून उपयोग नाही. नदीवर ते गळाच्या जागेपासून थोडं वर, धारेच्या बाजूला टाका, म्हणजे वास गळावरून खाली वाहील.

मग वीस मिनिटं हात बांधून बसा. कुणी टिपलं नाही, बुडबुडे नाहीत, तर दुसरा चारा टाकू नका, पहिलाच अजून तिथं आहे. बुडबुडे आले किंवा दोरीवरचं तरंगतं बुच थरथरलं तर सुपारीएवढा एक गोळा. त्यानंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. मासा काढलात की लगेच एक. सकाळच्या तीन तासांत माझा सगळा चारा अर्धा किलोच्या आत संपतो.

बुडबुडे वाचायला शिका. तळातल्या कुजक्या गाळातून येणारे बुडबुडे एकाच जागी, एकाच ठेक्यात येतात. सायप्रिनस तळ उकरतो तेव्हा बारीक फेसाचा पुंजका येतो, थांबतो, आणि हातभर पुढं पुन्हा येतो. मागं मातकट ढग दिसतो. मृगळही तळालाच खातो, पण इतकी खणाखणी करत नाही.

सलग दोन-तीन दिवस येणं जमत असेल तर पहिल्या दिवशी गळ न टाकता संध्याकाळी नुसता चारा टाकून जा, तोही पाव किलो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. तिसऱ्या दिवशी बसा. या माशाला जागेची आणि वेळेची सवय फार पटकन लागते.

गळाला काय

चाऱ्यातलंच पीठ, पण गळासाठी जरा घट्ट. डाळ्याचं पीठ आणि कणीक निम्मं-निम्मं, त्यात सुकटीची पूड आणि काकवीचा थेंब. हरभऱ्याएवढी गोळी, आठ नंबरचा गळ. विणीनंतर पहिले तीन आठवडे मोठा गळ आणि मोठं आमिष या दोन्हीचा मोह टाळा. कार्प खाद्य ओढून घेतो, तोंडात घोळवतो आणि खटकलं तर फुंकून टाकतो. हलकी गोळी सहज आत जाते.

चिलापीचा त्रास असेल, आणि तो असतोच, तर ही मऊ गोळी मिनिटभरही टिकत नाही. तेव्हा उकडलेल्या गोळ्या करा. चार अंडी फेटून त्यात मावेल तेवढं वरचं कोरडं मिश्रण मळा, फक्त कोंड्याऐवजी रवा घ्या, बारीक गोळ्या वळा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं सोडा आणि सावलीत फडक्यावर वाळवा. आपले शेंगोळे करतो तसाच प्रकार, फक्त रस्सा नाही. अंड्यानं बाहेर कातडी धरते, चिलापी टोचून टोचून कंटाळते आणि सायप्रिनस गळ्यातल्या दातांनी आरामात फोडतो. इंग्लंडात कार्पवाले याच गोळ्या वापरतात आणि गोळी गळावर न टोचता गळाच्या मागं बोटाच्या पेराएवढ्या दोऱ्यावर ओवून लोंबती ठेवतात. गळ मोकळा राहतो, मासा गोळी ओढतो तेव्हा गळ मागोमाग जातो. आपल्या तंगुसाच्या तुकड्यावरही हे छान जमतं.

मका हा तिसरा पर्याय, पण एक अट घालून. मका, हरभरा, गहू, ज्वारी, कुठलंही धान्य २४ तास भिजवून मग किमान अर्धा तास उकडल्याशिवाय पाण्यात टाकू नका. कोरडा दाणा माशाच्या आतड्यात जाऊन फुगतो, आणि जठर नसलेल्या, नुकत्या विलेल्या माशाला ते जिवावर बेतू शकतं. उकडल्यावरचं पाणीही फेकू नका, त्यातच चारा मळा.

प्रत्येकाचं ताट वेगळ्या उंचीवर

सायप्रिनस आणि मृगळ तळाला खातात, वर सांगितलेलं सगळं त्यांना लागू. रोहू मधल्या थरात हिंडतो. त्याच्यासाठी बुच लावून आमिष तळापासून फूट-दीड फूट वर ठेवा आणि चाऱ्यात माती घालू नका, गोळा पडता पडता फुटला पाहिजे. मऊ कणकेत उकडलेला बटाटा मळून केलेली गोळी रोहूला आवडते.

कटल्याचं तोंड बघा, वर वळलेलं आहे. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला तळाला पेंड घालणं म्हणजे माडीवर बसलेल्याला तळघरात जेवण वाढणं. त्याच्यासाठी कोंडा आणि भिजवलेल्या पोह्यांचा चुरा इतका ढिला कालवा की पाण्यावर पडताच धुरासारखा पसरेल, आणि त्या धुरात दोन-तीन फुटांवर भाजलेल्या बेसनाची मऊ गोळी लटकत ठेवा. इथं मात्र चारा दर पाच मिनिटांनी लागतो, कारण तो टिकतच नाही. कंटाळवाणं काम आहे. मी क्वचित करतो.

वेळ निवडताना पाण्याचा श्वास बघा

"पहाटे जावं" हे सगळे सांगतात. विणीनंतरच्या दिवसांत केंदाळानं भरलेल्या तळ्यावर हे साफ चुकतं. पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच ओढून घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. त्यात आदल्या दिवशी आभाळ भरून राहिलेलं असेल तर विचारायला नको. अशा सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तेव्हा चारा टाकलात तर तो कुजून उरलासुरला प्राणवायूही खाईल. अशा तळ्यावर ऊन पडल्यावर नऊ-दहाला बसा, किंवा सरळ दुपारी चारनंतर. वारा असेल तर वारा ज्या काठावर लाटा आपटतोय तो काठ धरा. नदीवर पाणी खेळतं असतं, तिथं पहाट चालते.

बरगे पडल्यावर

पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायला सुरुवात झाली की नदीचं तळं होतं. तिसरा टप्पा इथून सुरू. मासा आता पूर्ण सावरलेला असतो आणि थंडीआधी अंग धरायच्या मागे असतो. हेच लाडवांचे दिवस. पेंड वाढवून मिश्रणाच्या निम्म्यावर न्या, मका आणि हरभरा चाऱ्यात घाला, गळ सहा नंबरचा, म्हणजे आठपेक्षा मोठा, गोळी सुपारीएवढी. पहिला चारा चारऐवजी आठ-दहा गोळे चालतो. तरी पुढचं टिपण तसंच, थोडं आणि वरचेवर, कारण जठर काही दसऱ्याला उगवत नाही. चिकण माती मात्र आता काढून टाका, पाणी थांबलेलं आहे. मला हंगामातले सगळ्यात मोठे सायप्रिनस हस्त सरून चित्रा लागल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मिळालेत.

मार्गशीर्षात रात्री गार झाल्या की चारा पुन्हा हलका आणि थोडाच करायचा. थंड पाण्यात पचन मंदावतं. जानेवारीपासून तळ्यावर पुन्हा गवत हलायला लागेल, तिथून हा लेख परत वरून वाचा.

जाण्याआधी

धरणं आणि बरेचसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, शहरातल्या तलावांचे नियम पालिकेकडं. आधी विचारा. ठेकेदारानं बीज विकत घेऊन सोडलेलं असतं, विचारलं तर बहुतेक जण एका गळाला नाही म्हणत नाहीत.

नदीवर पाण्याची पातळी रोज बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याला पाठ आहे, पण गळवाल्यासाठी त्याच्या कितीतरी आधी काठ निसरडा झालेला असतो. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, ते कुणाला विचारून उघडत नाहीत. वर पाऊस असेल आणि खाली ऊन असेल तरी पाणी वाढतं. बंधाऱ्याच्या खांबांवर उभं राहून गळ टाकणं तर सोडाच. शिरोळच्या बाजूला, कृष्णाकाठी मगरी आहेत, तिथं पाण्यात पाय सोडून बसू नका आणि अंधार पडायच्या आत आवरा.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि विणीत खरवडलेल्या माशाला तिथंच बुरशी धरते. खडकावर आपटू देऊ नका, ओल्या गोणपाटावर ठेवा, गळ काढा, आणि पाण्यात सोडताना शेपटीजवळ धरून तोंड धारेकडं करा. नुकती विलेली मादी असेल तर ती लगेच निघत नाही, कल्ले नीट हलेपर्यंत दोन-तीन मिनिटं तशीच धरून ठेवावी लागते. शेपटीचा फटका बसून तुमचं तोंड भिजलं की सोडा.

उरलेला चारा पाण्यात ओतू नका. आमच्याकडं तो शेजारच्या म्हशीला जातो, काकवी असल्यामुळं ती वाटच बघत असते. फक्त सुकटीची पूड घातलेला वेगळा ठेवा, तो तिला चालत नाही, तो मांजराला.